पोटाला तेल नको

परळीच्या माणसाला डोक्यात राख घालून घ्यायला राग यावा लागत नाही. थर्मल वीज केंद्राची राख वरूनच पडते. मी त्या राखेत लहानाची मोठी झाले. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख, गच्चीवरच्या पापडांवर राख, शाळेतून घरी आलं की भुवयांवर राख. आई मला मोरीत उभी करून आधी ओल्या फडक्याने पुसायची, मग साबणाने धुवायची आणि शेवटी तोंडावरून दुधाचा हात फिरवायची. चेहरा नुसता धुऊन सोडून द्यायचा नसतो, त्याचं रोज काहीतरी करायचं असतं, हे तेव्हाच माझ्यात भिनलं. लग्न होऊन केज तालुक्यात, नांदूरघाटजवळच्या एका गावात आले, तेव्हा पेटीत साड्यांच्या खाली माझा एक डबा होता. फेसवॉश, गुलाबपाणी, गोरं करणारी क्रीम, झोपताना लावायची वेगळी क्रीम, पावडर. सासूबाईंनी डबा उघडला, एकेक बाटली नाकाला लावून पाहिली आणि म्हणाल्या, "येवढं समदं एकाच तोंडाला?"

मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. आमच्याकडे सासूला तशीच हाक मारतात. तरुणपणी त्यांनी वर्षानुवर्षं ऊस तोडला होता. दसरा-दिवाळीच्या सुमाराला संसार गाडीत भरायचा, पश्चिमेकडच्या एखाद्या कारखान्यावर जायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. सासरे गेले, मुलगा शिकून हाताशी आला, तेव्हा कोयता सुटला. हातापायांवरून मात्र तो गेला नव्हता. टाचांना अशा भेगा, की त्यात ज्वारी पेरली तर उगवून यावी. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणायचे आणि त्या हसायच्या. "पेर की. पानी कुठनं आनशील?" पण मी खोबरेल घेऊन पायाशी बसले की त्या पाय आखडून घ्यायच्या.

"मला तेल सोसत न्हाई."

डोक्याला लावायच्या, हातापायाला कधी म्हणून नाही. तेल सोसत नाही असं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. म्हातारी चिक्कू आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि माझ्या डब्याकडे वळले.

मला दिवस गेले ते दुष्काळाच्या वर्षी. गावातल्या सहकारी दूध डेअरीत मी कामाला होते. सकाळ-संध्याकाळ बायाबापड्या किटल्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, मी दूध मोजायचं, यंत्रावर फॅट तपासायची, पावती द्यायची आणि शेवटी कॅन सोड्याने धुऊन पालथे घालायचे. पाऊस दगा देऊन गेला होता. हिवाळा सरता सरता विहिरींनी तळ दाखवला आणि टँकर सुरू झाला. त्या पाण्याला साबणाचा फेस येईना. अंग वाळलं की हातावर पांढऱ्या रेघा उमटायच्या. पोटातलं बाळ वाढत होतं आणि वरचं माझं कातडं सोलून निघत होतं. नाकाच्या बाजूला पापुद्रे, कोपरांना खवले, पोटऱ्यांवर नखाने नाव लिहावं तर उठून दिसावं. गरोदरपणात रूप खुलतं म्हणतात. माझं कुठे खुललंय ते मी आरशात रोज शोधायचे आणि दिवसभर चिडचिड करायचे.

डब्यातली एकेक वस्तू बाद होत गेली. फेसवॉशने आग व्हायला लागली. गोरं करणारी क्रीम पोटुशींच्या तपासणीला घरोघर येणाऱ्या आशाताईंनी बंद केली. "त्याच्यात काय काय घालतेत देव जाणे. आता तू एकटी न्हाईस," असं म्हणून त्यांनी ती ट्यूब माझ्या देखत चुलीत टाकली. साबण गेला तो आंघोळीच्या पद्धतीमुळे. त्या उन्हाळ्यात आम्ही बाजेवर बसून आंघोळ करायचो. बाजेखाली मोठी परात. खाली पडलेल्या पाण्याने भांडी विसळायची आणि तेच पाणी मग परसातल्या कढीपत्त्याला घालायचं. साबणाच्या पाण्याने कढीपत्ता जळतो, असं आत्याबाईंचं म्हणणं. एका झाडासाठी सुनेने साबण सोडायचा, याचा मला फार राग आला. पण सोडला.

मग मी माझ्यापुरती नवी रीत बसवली. हरभऱ्याच्या डाळीच्या पिठात साय कालवून अंगाला लावायची, जोरात घासायचं नाही, हलक्या हाताने सोडवायची. पाणी अगदी कोमट. आंघोळ झाल्यावर अंग खडखडीत पुसायचं नाही, ओलसर असतानाच खोबरेल फिरवायचं, म्हणजे थोडं तेल लांबवर पुरतं आणि ओल आत राहते. बाहेर पडताना पदर तोंडावरून घ्यायचा. हे सगळं मी कुणाला विचारून केलं नाही, चुकत चुकत जमवलं, आणि खरंच फरक पडला. कोपरं मऊ झाली. मला वाटलं, जिंकलो आपण.

चारा संपला आणि कारखान्याने चारा छावणी उघडली. यजमान दोन्ही म्हशी घेऊन छावणीत गेले ते तिथेच पाल ठोकून राहिले. म्हशींबरोबर माझी सायही गेली. डेअरीत कॅन अर्धेमुर्धे जायला लागले. घरात आम्ही दोघीच उरलो, एक पोटुशी आणि एक तेल न सोसणारी.

पोट पुढे आलं तसं त्यावरचं कातडं ताणून चकचकीत झालं आणि चुरचुरायला लागलं. साहजिकच मी तिथेही तेल लावायला घेतलं. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"पोटाला तेल लावू नकू."

"कावून हो?"

"नकू म्हनलं ना."

"अहो, पण कातडं फाटतंय."

"फाटू दे. हाताला लाव, तोंडाला लाव. पोटाला नकू."

कारण सांगायचं नाही आणि हुकूम सोडायचा, हे मला कधीच पटलेलं नाही. मी त्यांच्या देखत बाटली बंद केली आणि त्यांची पाठ वळली की लावायला लागले. त्यांना वासावरून कळायचं. मग बाटली फडताळातून नाहीशी व्हायची, पिठाच्या डब्यामागे सापडायची, तिथून पुन्हा नाहीशी व्हायची. डेअरीत मी हे रंगवून सांगायचे. बायका पोट धरधरून हसायच्या.

आठव्या महिन्यात तळहात खाजायला लागले.

"उजवा का डावा?" दूध घालायला आलेल्या एकीने विचारलं. उजवा खाजला की पैसा येतो आणि डावा खाजला की जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"दोन्ही," मी म्हणाले.

"मंग येतंय बी आन जातंय बी. डेअरीवानीच."

सगळी रांग हसली. मीही हसले. थोड्या दिवसांनी तळपायही खाजायला लागले, तेव्हा दुसरी म्हणाली, "तळपाय खाजला का प्रवास घडतो. परळीचा रस्ता दिसायलाय बघ तुला." पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी खरं तर सातव्यातच जायची. पण आईने फोनवर हात टेकले होते. परळीत नळाला पाणी यायचं नाव नव्हतं. "पान्यावाचून थर्मल बी बंद हाय गं. राख पडत न्हाई तर चुकल्यावानी वाटतंय," आई म्हणाली होती. त्यामुळे अगदी दिवस भरत आले की जायचं, असं ठरलं होतं. तळपायाला ते आधीच कळलं असेल, असं मी गमतीत म्हणाले. आज तो हशा मला आठवावासा वाटत नाही.

कारण ती खाज कोरड्या कातडीची नव्हती. कोरड्या कातडीची खाज मला चांगली ओळखीची झाली होती. ती वर असते, नख लावलं की सापडते, तेल लावलं की निवते. ही खाली कुठेतरी होती. खाजवायला जावं तर जागा मिळायची नाही. दिवस कलला की सुरू व्हायची आणि उजाडेपर्यंत जीव नकोसा करायची. मी बाजेच्या सुंभावर तळपाय घासायचे, ओलं फडकं गुंडाळून पडायचे. अंगावर पुरळ नाही, चट्टा नाही, होते ते माझ्याच नखांचे ओरखडे. जेवण जाईना. लघवी गडद व्हायला लागली, तर मी माझीच समजूत घातली की पाणी कमी पितेय. त्या वर्षी कुठल्याही दुखण्याला दुसरं कारण शोधावंच लागत नव्हतं.

मी गावातल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी माझा हात उलटापालटा केला.

"टँकरचं पाणी. त्यात तुम्ही कॅन सोड्याने धुता. कोरडेपणा आहे, दुसरं काही नाही."

गुलाबी औषधाची बाटली दिली. ती लावून मी सोड्याचं काम दुसऱ्या बाईकडे दिलं. पिठाऐवजी नुसतं ताक लावून पाहिलं, शेजारून वाटीभर तूप मागून आणलं, कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यात पाय सोडून बसले. एवढी बसवलेली माझी रीत कुठे चुकली, तेच कळेना. मग मी तेल वाढवलं. हातापायाला, पोटाला, पाठीला, सगळीकडे, दिवसातून दोनदा, उघडपणे.

एका दुपारी मी पोटाला तेल लावत असताना आत्याबाई आल्या आणि त्यांनी माझ्या हातातून बाटली हिसकली. नुसती हिसकली नाही, दारातून अंगणात भिरकावली. मातीने तेल पिऊन टाकलं. घरात थेंबभर जास्त तेल पडलं तरी बोटाने निपटून घेणारी ती बाई.

"तुला एकदा सांगून कळत न्हाई? लेकरू नको हाय का तुला?"

मग मात्र माझ्या डोक्यात परळीची सगळी राख गेली. मी नाही नाही ते बोलले. तुम्हाला तेल सोसत नाही म्हणून मला का जाळता, सून मेली तरी चालेल पण बाटली वाचली पाहिजे, असं काहीबाही. त्या उलटून बोलल्या नाहीत. मी छावणीत फोन लावला आणि यजमानांना सगळं ऐकवलं.

"मायला पोटाचं तेल चालत न्हाई," ते म्हणाले. "गावात कुन्ची बी पोटुशी दिसली का सांगती, पोटाला तेल लावू नकू. कावून ते मला बी म्हाईत न्हाई. मी विचारलं तर उठून गेलती."

त्यानंतर आमच्या दोघींत अबोला. भाकरी थापली जायची, ताट सरकवलं जायचं, पण शब्द नाही. अशाच एका टळटळीत दुपारी मी दाराच्या उंबऱ्याशी बसून तळपाय उंबऱ्याच्या कडेवर खसाखसा घासत होते. चप्पल काढलेली, डोळ्यांतून पाणी येतंय, तरी थांबवत नव्हतं. आत्याबाई आतून येत होत्या. माझ्या पायाकडे पाहून त्या जागच्या जागी थांबल्या.

"तळपाय?"

मी पाय घासतच राहिले.

"हात बी?"

"हात आधीपासून. गावभर माहीत आहे, तुमच्याशिवाय."

त्यांनी खाली बसून माझा पाय मांडीवर घेतला. मग हात घेतला, बाही वर सारून दंडापर्यंत पाहिला. "पुरळ न्हाई?"

"नाही."

"आमाला वाटलं पाय सुजलेत म्हनून शेकतीस, खाज पोटाचीच हाय. कातडं तानतंय म्हनून." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. "लेकरू हालतंय का गं?"

मी पोटावर हात ठेवला. थोडा वेळ काहीच नाही. तेवढ्यात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहवत नाही. मग बरगडीखाली एक हलकासा धक्का बसला.

"हलतंय," मी म्हणाले.

मग त्या बोलायला लागल्या. माझा पाय त्यांच्या मांडीवरच होता.

"तुज्या नवऱ्याच्या आदी मला एक व्हतं. कारखान्यावर गेलतो. आठवा लागला व्हता, तरी मोळ्या बांधत व्हते. हाताला खाज, तळपायाला खाज. समदे म्हनले, पाचटाची हाय, उसात राहून खाज न्हाई यायची तर काय. मी बी तेच म्हनले. कोयत्याच्या पाठीनं तळपाय खरवडायची. पर पाचटानं पुरळ येतं बाई, चट्टे येतेत. मला काईच न्हवतं आलं. मंग एक दिस सासू बाजाराला गेलती, तवा आमी राहायचो त्या कोपीतलं गोडंतेल घेतलं. हाताला लावलं, पायाला लावलं. उरलं ते पोटाला चोळलं. लई बरं वाटलं बघ. आन मंग लेकरू हालायचं थांबलं."

त्यांनी माझ्या पायावरून हात फिरवला. त्यांच्या तळहाताची खरखर मला लागत होती आणि बरं वाटत होतं.

"पोरगा व्हता. समदा व्हता, नखं बी आलती. सासू म्हनली, तेल चोळलंस, पोर घसरलं. समद्या टोळीत म्हनली. त्या दिसापासून मी अंगाला तेल लावलं न्हाई."

त्यांच्या टाचांवर केलेली माझी एकेक चेष्टा मला आठवत होती. त्यांनी मला रडू दिलं नाही. उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्या सकाळच्याला दुधाची गाडी कुठवर जाती?"

गाडी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर जायची आणि तिथून अंबाजोगाईची बस मिळायची. दुसऱ्या दिवशी संकलन झाल्याबरोबर आम्ही ड्रायव्हरशेजारी बसलो. मागे अर्धे रिकामे कॅन प्रत्येक खड्ड्यात एकमेकांवर आदळत होते. आत्याबाईंनी माझ्या पोटापुढे हात आडवा धरला होता. दर थोड्या वेळाने विचारायच्या, "हाललं?" मी हो म्हणायचे. एकदोनदा मी खोटंच हो म्हणाले.

अंबाजोगाईच्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, लघवीचा रंग विचारला आणि रक्त घ्यायला लावलं. रिपोर्ट आल्यावर आम्हा दोघींना समोर बसवलं.

"हा कातडीचा आजार नाही," त्या म्हणाल्या. "गरोदरपणात काही जणींचं यकृत नीट काम करत नाही, पित्त रक्तात उतरतं. त्याची ही खाज आहे. आईला त्रास होतो तो खाजेचा. धोका बाळाला असतो. वरून सगळं ठीक दिसतं आणि बाळ अचानक पोटातच जातं. म्हणून पूर्ण दिवस भरायची वाट आपण पाहणार नाही. इथेच राहायचं. गोळ्या चालू करू, बाळाचे ठोके रोज पाहू आणि बाळ तयार झालं की तुम्हाला मोकळं करू."

मी मान हलवली. कोरड्या कातडीशी भांडण्यात माझा सगळा वेळ गेला होता आणि कातडं बिचारं आतलं सांगत होतं. आत्याबाई खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या होत्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "तेलानं पोर घसरतं का?"

डॉक्टरबाईंना हसू आलं. मग त्यांनी आत्याबाईंकडे नीट पाहिलं आणि ते हसू गेलं. "कुणी सांगितलं, मावशी?"

"घसरतं का न्हाई, येवढंच सांगा."

"नाही घसरत. तेल कातडीवरच राहतं. बाळापर्यंत ते जातच नाही."

"मंग माझं कावून गेलं?"

त्यांनी तेवढं सगळं पुन्हा सांगितलं. पाचट, कोयत्याची पाठ, बाजाराला गेलेली सासू. बाहेर बायकांची रांग लागली होती, तरी डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. शेवटी म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी खात्रीनं कसं सांगू? पण तुमच्या सुनेला जे झालंय तेच तुम्हाला झालेलं असू शकतं. तेलाचा त्याच्याशी काही संबंध नाही."

आत्याबाईंनी "बरं" एवढंच म्हटलं. बाहेर येऊन त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या आणि पदराने तोंड झाकून घेतलं. मी शेजारी बसले. मला माझ्याच बाळाची इतकी भीती वाटत होती, की त्यांना धीर देण्याइतकं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

दवाखान्यातले ते दिवस मला धड आठवत नाहीत. आठवतो तो ठोके मोजायच्या यंत्राचा आवाज. नर्सने ते पोटावर टेकवलं की ठोके सापडेपर्यंतच्या खरखरीत आम्ही दोघी श्वास रोखून राहायचो. ठोके सापडले की आत्याबाई छताकडे पाहून हात जोडायच्या. यजमान म्हशी शेजारच्या पालातल्या माणसावर सोपवून आले. त्यांना मायने आधीचं सगळं सांगितलं का, मला माहीत नाही. पण ते तिच्या जेवणाचा डबा स्वतः उघडून द्यायला लागले.

मुलगी झाली. लहानखुरी, वेळेआधी आणलेली. पहिले काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. पण ती रडली होती, मी कानांनी ऐकलं होतं. माझी खाज जशी आली तशी निघून गेली. तळहात कोरडेच राहिले, त्यांना मी आता नावं ठेवत नव्हते.

परळीला न जाता मी गावीच परतले. आईच येऊन राहिली. बाळाला तेल लावायचं काम आईने घेतलं. पाय लांब करून बसायची, पोरीला पायांवर घ्यायची आणि डोक्यापासून टाचेपर्यंत चोळायची. आत्याबाई लांबूनच बघायच्या. पाणी तापवून द्यायच्या, धुरी करायच्या, दुपटं पुढे करायच्या, पण तेलाच्या वाटीला हात लावायच्या नाहीत. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं त्यांच्या डोक्यात शिरलं होतं, हातांत उतरलं नव्हतं. आई मला हळूच म्हणाली, "तुझ्या सासूला नात आवडली न्हाई का गं?" मी तिला काही सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

आई परळीला गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेल कोमट करून ठेवलं आणि पाट घ्यायला आत गेले. बाहेर आले तर आत्याबाई पाय लांब करून बसल्या होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, पोरगी पायांवर, वाटी बाजूला. त्या वाटीत चार बोटं बुडवून तशाच थांबल्या होत्या. मी दारातच उभी राहिले.

त्यांनी आधी तळपायांना लावलं. मग पायांना, हातांना, पाठीला. शेवटी पोरीला उताणी केली आणि अगदी सावकाश पोटावरून हात फिरवला. पोरीने एक मोठी जांभई दिली. तेल ओघळून आत्याबाईंच्या नडग्यांवर उतरत होतं, तिथून घोट्यांकडे, भेगांच्या टाचांकडे. त्यांनी ते पुसलं नाही.

मग दोन्ही हातांनी त्यांनी पोरीला उचलून समोर धरलं. तेलाने ती माशासारखी गुळगुळीत झाली होती आणि हातपाय झाडत होती. मी न राहवून पुढे झाले.

"थांब," त्या म्हणाल्या. "येवढं तेल लावलंय. बघ की. न्हाई घसरली."